ऑटोची पेटी जळाली तर

पावसाळ्यात विहिरीवरच्या ऑटो-स्टार्टरच्या पेटीत ओल धरते, पाल शिरते आणि शॉर्ट होऊन आतले कार्ड जळते. आमचे सांगणे एवढेच, की घाईने नवे कार्ड बसवू नका. मूळ दोष राहिला तर तेही जाईल. आधी मेन स्विच पाडा, तिन्ही फ्यूज काढून खिशात ठेवा. ऑटोची मोटार लाईट येताच आपोआप सुरू होते, त्यात जीव जातो. मग कार्डाच्या तारा सोडवून वायरमनकडून मोटार व केबल ५०० व्होल्टच्या मेगरने तपासून घ्या. १ मेगओहमच्या खाली भरले, तर दुखणे तिथेच आहे. फ्यूजला जाड तार घालू नका. पेटीची भोके बुजवा, अर्थिंग नीट ठेवा. ऊस पाण्यावाचून चार दिवस तग धरील. गेलेला माणूस परत येत नाही.