कॅप्टन कृष्णन नायर : पलटणीतून पेढीवर

मावळातील शेतकऱ्याचा मुलगा पलटणीत गेला तर आम्हांस त्याचे नवल वाटत नाही. परंतु पलटणीतून परतून ज्याने व्यापारात नाव काढले असा पुरुष विरळाच. कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर हे असे एक गृहस्थ होत. जन्म केरळातील कण्णूर येथे ९ फेब्रुवारी १९२२ रोजी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते सैन्यात शिरले, अबोटाबाद येथे बिनतारी खात्यात काम केले, व पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत कॅप्टन झाले. यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांनी इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला ती हीच पलटण. तेव्हा मल्याळी असले तरी ते आम्हांस परके नव्हेत.

१९५० साली लीला यांच्याशी विवाह झाला. सासऱ्यांचा हातमागाचा धंदा होता. लवकरच नोकरी सोडून कॅप्टनसाहेब कापड विकू लागले.

१९५८ सालची हकीकत वाचकांनी अवश्य ऐकावी. न्यूयॉर्कचे व्यापारी जेकबसन यांनी वनस्पतिजन्य रंगांचे, तिळेलाचा वास येणारे चौकड्यांचे मद्रासी कापड दहा हजार वार घेतले. (तिळेल म्हणताच आम्हां सुदुंबरेकरांस संताजी महाराजांच्या घाण्याची आठवण होणारच!) कापड गार पाण्यात हलक्या हाताने धुवावे, असे नायरांनी बजावले होते. ती सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोहोचलीच नाही. कपडे तयार होऊन ब्रुक्स ब्रदर्स या नामांकित दुकानात विकले गेले, आणि पहिल्याच धुण्यात रंग वाहू लागला. तक्रारी आल्या, दाव्याची भाषा निघाली. जन्मभर दप्तर सांभाळल्यामुळे आम्ही जाणतो की, शेऱ्याच्या रकान्यातील एक ओळ गळाली तर केवढा अनर्थ होतो. येथे तर एका नव्या व्यापाऱ्याची सारी पतच पणास लागली होती.

नायर डगमगले नाहीत. एका अमेरिकन मासिकात या कापडावर लेख आला. रंग सुटणे हाच त्याचा गुण, प्रत्येक धुण्यागणिक नवी छटा, असे त्यात वर्णिले होते. मग काय, मागणीचा पूरच लोटला! यात चातुर्य आहे हे खरे; पण आमच्या मते खरे बळ आधी दिलेल्या स्पष्ट सूचनेचे होते. ती दिली नसती तर चातुर्य कोठवर पुरते?

पुढे तयार कपड्यांची निर्यात वाढली. साठी उलटल्यावर, १९८६ च्या सुमारास, त्यांनी मुंबईत सहार येथे हॉटेल काढले व त्यास पत्नीचे नाव दिले. २०१० साली पद्मभूषण मिळाले. १७ मे २०१४ रोजी ते निवर्तले. तोवर लोक त्यांस शेठ न म्हणता कॅप्टनच म्हणत.