अतिवाहकाच्या पाठीवर

1987 साली अतिवाहकतेचा जो गाजावाजा झाला, तो आमच्या ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. यट्रियम, बेरियम, तांबे व प्राणवायू यांच्या एका संयुगाचा विद्युत्-रोध सुमारे 93 केल्विन तापमानास, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या 77 केल्विनच्याही वर, नाहीसा होतो असे त्या वर्षी दिसून आले आणि अधांतरी धावणाऱ्या आगगाड्या जणू दारात येऊन उभ्या राहिल्या! त्या आमच्या किनाऱ्यास अद्याप लागलेल्या नाहीत. परंतु त्या कोलाहलात एक निराळेच कार्य निमूटपणे होऊन गेले. त्याची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अमेरिकेतील बेलकोर या संशोधन संस्थेत टी. वेंकटेशन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी या संयुगाचा तलम थर लेसरच्या साह्याने रचून दाखविला. कल्पना जुनीच होती. स्मिथ व टर्नर यांनी 1965 मध्ये लेसरने थर चढविले होते. पुढली वीस वर्षे तिकडे फारसे कोणी ढुंकून पाहिले नाही. कृती अशी : निर्वात पात्रात संयुगाची वडी ठेवावयाची व तिच्यावर अतिनील लेसरचे ठोके द्यावयाचे. एकेक ठोका सेकंदाच्या वीस-तीस अब्जांश भागाचा. तेवढ्यात वडीच्या पृष्ठभागाची वाफ होऊन तेजस्वी झोत उसळतो व समोरच्या तापविलेल्या स्फटिकावर जाऊन बसतो. वडीतील धातूंचे परस्पर प्रमाण वाटेत फारसे बिघडत नाही, हेच या रीतीचे मर्म.

त्याच संस्थेत आर. रमेश व सहकाऱ्यांनी अशा अतिवाहक थरावर बिस्मथ टिटॅनेट या फेरोइलेक्ट्रिक पदार्थाचा थर वाढविला आणि 1991 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्याविषयी लिहिले. (‘फेरो’ म्हणजे लोह खरे, पण या पदार्थात लोहाचा अंशही नाही, लोहचुंबकाच्या वागणुकीशी साम्य म्हणून हे नाव पडले.) विजेचा दाब काढून घेतला तरी याचे ध्रुवीकरण टिकते, दाब उलटविला की दिशा उलटते. या दोन दिशा म्हणजेच शून्य व एक. पावसाळ्यात घटकेघटकेस वीज जाण्याची सवय असलेल्या आम्हा किनारवासीयांस विजेवाचून टिकणाऱ्या स्मृतीचे मोल निराळे सांगावयास नको.

चिऱ्यांच्या भिंतीत खालचा थर वाकडा गेला की वरचा ओळंब्यात येत नाही, हे कोणताही गवंडी सांगेल. येथे तसेच आहे. अतिवाहकाच्या अणुचौकटीची बाजू सुमारे 3.85 अँगस्ट्रॉम, बिस्मथ टिटॅनेटची सुमारे 5.4, पण पहिलीचा कर्ण काढावा, तर तो 5.4 च्या आसपासच निघतो! चौकट पंचेचाळीस अंशांनी फिरून बसते.

गंमत अशी, की नेहमीच्या तापमानास या अतिवाहकाचे अतिवाहकत्व उरतच नाही. तो केवळ एक बरा वाहक असतो, आणि तेवढे पुरे होते. प्लॅटिनमच्या पत्र्यांमध्ये धरलेले शिशाचे फेरोइलेक्ट्रिक संयुग वारंवार उलटविले असता थकते. वाहक ऑक्साइडांच्या पत्र्यांमध्ये ते पुष्कळ अधिक काळ तग धरते. प्राणवायूच्या रिक्त जागा सीमेवर साचत नाहीत, हे त्याचे कारण मानतात. पुढे या कामी यट्रियमचे संयुग मागे पडून दुसरी ऑक्साइडे आली. वाट मात्र त्याने दाखविली.

‘आगगाडी कोठे आहे?’ असा हिशेब मागून 1990 साली कोणी ही प्रयोगशाळा बंद केली असती, तर? विद्यापीठांच्या अनुदानावर कात्री चालविणारे आमचे कारभारी हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत रोज विचारीत असतात. लेसरने थर रचण्याचे प्रयोग पुणे विद्यापीठात सतीशचंद्र ओगले व त्यांचे सहकारी त्याच सुमारास करीत होते. तेथेही कोणी आगगाडीचे वचन दिलेले नव्हते.