बेसमेंटमधला पिवळा पापुद्रा

मागे आम्ही जर्सी सिटीत घर शोधत होतो. एका जुन्या घराच्या बेसमेंटमध्ये भिंतीवर पिवळट-हिरवट पापुद्रा दिसला. ‘ओल आहे, रंग मारला की झालं,’ असे एजंटचे म्हणणे. सौ.ला ते पटेना. मी इंजिनिअर खरा, पण सॉफ्टवेअरचा. रसायनशास्त्र पहिल्या वर्षीच सुटले. तेव्हा वाचायला बसलो.

हडसन काउंटीत १९०५ ते १९७६ या काळात क्रोमेटचे कारखाने होते. त्यांतला लाखो टन टाकाऊ माल भराव म्हणून पाणथळ जागांत आणि इमारतींच्या पायाशी पडला. ओलीबरोबर त्यातले क्रोमियम भिंतीत चढते आणि ओल सुकली की स्फटिक उरतात.

क्रोमियमची दोन रूपे आपल्या कामाची. त्रिसंयुजी रूप रोजच्या अन्नातही असते. आतड्यातून त्याचा शंभरात जेमतेम एखाददुसरा भाग रक्तात जातो. घातक आहे ते षट्संयुजी. त्याची ठेवण सल्फेटसारखी, आणि सल्फेट पेशींना हवे असते. त्यामुळे पोस्टमनच्या वेषातल्या चोरासारखे ते सरळ आत शिरते. आत क जीवनसत्त्व आणि ग्लुटाथायोन त्याचे त्रिसंयुजी रूप करतात, आणि घात होतो तो इथेच. बदलताना मधली अस्थिर रूपे तयार होतात, शेवटी उरलेले क्रोमियम डीएनएला चिकटते. हाच बदल पेशीबाहेर झाला असता तर फारसे बिघडले नसते.

जठरात तो बराचसा बाहेरच होतो, पण सगळा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाच्या २००८ च्या अहवालात, पाण्यातून मोठी मात्रा दिलेल्या उंदरांच्या लहान आतड्यात गाठी आढळल्या. फुफ्फुसांत तर जठरासारखे आम्लही नाही. बारीक कण तिथे अडकून सावकाश विरघळतात. क्रोमेट कामगारांना फुफ्फुसाचा कर्करोग होतो तो यामुळेच. सासूबाईंनी लिंबू सरबताचा उपाय सुचवला. पोटापुरते त्यात तथ्य आहे, पण श्वासातून गेलेल्या धुळीला त्याचा काय उपयोग!

रक्तात गेलेले क्रोमियम मूत्रपिंडे लघवीवाटे टाकतात. तांबड्या पेशीत शिरलेले मात्र हिमोग्लोबिनला बांधले जाते आणि ती पेशी मरेपर्यंत, म्हणजे सुमारे १२० दिवस, तिथेच राहते. म्हणून लघवीची तपासणी अलीकडचेच सांगते, तांबड्या पेशींची काही महिन्यांचे.

जर्सी सिटीच्या नळाचे पाणी बूनटनच्या जलाशयातून येते, त्यामुळे इथे प्रश्न मुख्यतः धुळीचा. तुमची स्वतःची विहीर असेल तर पाणी तपासून घ्या. उकळून क्रोमियम जात नाही, उलट दाट होते. रिव्हर्स ऑस्मॉसिसने बरेच कमी होते. भिंतीवर असा पापुद्रा दिसल्यास खरवडू नका, कोरडा झाडूही मारू नका. राज्याच्या पर्यावरण खात्याकडे दूषित जागांची यादी असते, तीत पत्ता पाहा.

एजंटकडे आम्ही भिंतीच्या तपासणीचा रिपोर्ट मागितला. तो आलाच नाही, आणि ते घर आम्ही सोडले.