कोईमतूरला बिऱ्हाड मांडताना

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या बहिणीचा मुलगा दुकानात आला आणि गादीच्या कडेला गुपचूप बसून राहिला. गिऱ्हाईक उठून जाईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "मामू, कोईमतूरला एका सूतगिरणीच्या विक्री कार्यालयात नोकरी मिळते आहे. अम्मी जाऊ देत नाही. तुम्ही तिला सांगा." काम काय, तर विटा आणि इचलकरंजीच्या मागवाल्यांना सूत विकायचे आणि त्याचा हिशेब ठेवायचा. पोरगा बी. कॉम. झालेला, मराठी, हिंदी, उर्दू तिन्ही चांगल्या बोलतो. नोकरी त्याला शोभणारी आहे. पण त्याच्या आईला सांगण्यासाठी त्याने चुकीचा माणूस गाठला होता, कारण कोईमतूरला बिऱ्हाड करून चौदा महिन्यांत परत आलेला घरातला माणूस म्हणजे आम्हीच.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. आमच्या ओळखीच्या अनेक घरांतून मुले अशा वाढत्या शहरांकडे निघाली आहेत. मुंबई-पुण्याला जाणाऱ्याला सांगायला दहा माणसे भेटतात. कोईमतूरला जाणाऱ्याला कोण सांगणार? म्हणून आमचा अनुभव इथे मांडतो.

खरे पाहता तासगावच्या माणसाला दक्षिण मुलूख परका नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस परशुरामभाऊ पटवर्धनांनी इथे गणपतीचे देऊळ बांधले, त्याला सात मजली गोपुर आहे, थेट दक्षिणेकडच्या धाटणीचे. आमच्या लहानपणी ते गोपुर म्हणजे फक्त तासगावची खूण होती. कोईमतूरला उतरल्यावर पहिल्याच सकाळी गल्लीच्या टोकाला तसेच गोपुर दिसले तेव्हा क्षणभर आपण गावातच आहोत असे वाटले. तो भास दुपारपर्यंत टिकला.

आपल्या भागातून दक्षिणेत खऱ्या अर्थाने वस्ती केली ती गलाईवाल्यांनी. तासगाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तिकडे साताऱ्याचे माण-खटाव, या दुष्काळी पट्ट्यातली हजारो माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली. सराफाचे जुने दागिने वितळवायचे, त्याचा टंच काढायचा, त्यातून शुद्ध सोने वेगळे करून द्यायचे. एक भाग सोन्यात साधारण तीन भाग चांदी मिसळून मुशीत गाळतात, मग ते तेजाबात टाकतात. चांदी विरघळते, तळाला तपकिरी भुकटी राहते. ती धुऊन पुन्हा गाळली की सोने पिवळे होऊन बाहेर येते. आणि हे झाले दागिन्यांचे. कारागिराच्या दुकानातली झाडलेली धूळ, भट्टीची राख, हात धुतलेले पाणीसुद्धा ही मंडळी विकत घेतात आणि त्यातून सोने काढतात. तेजाबाचा तो लालसर पिवळा धूर छातीत जातो, तो वेगळाच. त्या धुराबद्दल धंद्यातले लोक फार बोलत नाहीत.

आम्हाला नेहमी नवल वाटते ते एका गोष्टीचे. परमुलखातला सराफ शंभर-दोनशे ग्रॅम सोने एका परप्रांतीयाच्या हातात देतो. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पलीकडे गेला, म्हणजे किती रकमेचा माल झाला ते वाचकांनीच जोडावे. पुष्कळदा पावती नसते. हे का चालते? कारण नवा मुलगा एकटा जात नाही. तो गावच्या, भावकीच्या जुन्या गलाईवाल्याकडे जातो, वर्ष-दोन वर्षे त्याच्या भट्टीवर राबतो, आणि त्या जुन्या माणसाची साख त्याची साख होते. पुढे त्याने काही घोळ केला तर तोंड लपवावे लागते ते गावाकडच्या सगळ्या घराला. अमेरिकेतल्या लहानमोठ्या शहरांत गुजरातच्या पटेल मंडळींनी मोटेलचा धंदा असाच उभा केला. पहिल्याने दुसऱ्याला बिनकागदी उसने दिले, दुसऱ्याने तिसऱ्याला. बँक नंतर आली.

आमची चूक नेमकी इथे झाली. १९९४ साली आम्ही पंचविशीत होतो. तिरुपूरचा होजिअरी माल आणि इरोडच्या लुंग्या-टॉवेल सांगली भागातल्या दुकानदारांना पाठवायची आडत सुरू करायचे ठरवले. मिरजेहून बेंगलोर, तिथून गाडी बदलून कोईमतूर. तिथे सावळजकडच्या एका गलाईवाल्या अण्णांची ओळख होती, म्हणून घर तिथेच घेतले. ओळख कोईमतूरला, धंदा तिरुपूरला आणि इरोडला. तिरुपूर पन्नासएक किलोमीटर, इरोड शंभर. इरोडला अब्दुल गनी यांच्या नावाचे कापड मार्केट आहे, त्याचा आठवडी बाजार सोमवारी रात्री सुरू होऊन मंगळवारपर्यंत चालतो. त्या बाजाराला पोहोचायचे तर सोमवारी संध्याकाळी निघायचे, रात्र जागायची, मंगळवारी रात्री परत. उरलेले दिवस तिरुपूरच्या बसमध्ये. घरी बेगम आणि दोन वर्षांचा मुलगा अनोळखी गल्लीत एकटे. अण्णांची साख सराफ कट्ट्यावर होती, कापडाच्या पेठेत त्यांना कोणी ओळखत नव्हते. तिथे आम्हाला कोणाचाच जामीन नव्हता. उधार माल मिळेना. आम्ही मात्र गावाकडे सगळ्यांना उधार देत होतो. एका व्यापाऱ्याने मोठी रक्कम बुडवली आणि चौदाव्या महिन्यात आम्ही भांडीकुंडी बांधली. कर्ज फेडायला पाच वर्षे लागली.

हे सगळे भाच्याला सांगितले. त्याने विचारले, "मग जाऊ नको म्हणता?" आम्ही म्हणालो, तसे नाही. तुझे कार्यालय आणि तुझे घर एकाच गावात आहे, आणि तुझा पगार ठरलेला आहे. आमच्याकडे या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

शहर म्हणून कोईमतूरला नाव ठेवायला जागा नाही. आपल्या शेतकऱ्याला ते नाव पाण्याच्या मोटारीवरच्या पट्टीवरून ठाऊक आहे. द्राक्षबागांच्या विहिरी-बोअरवर कोईमतूरच्या मोटारी कित्येक बसल्या आहेत. १९३० च्या दशकात निलगिरीतल्या पायकारा प्रकल्पाची वीज आली आणि सूतगिरण्या वाढल्या, त्यांच्या मागोमाग यंत्रांचे कारखाने आले, मग पंप, मग इडलीचे पीठ वाटायची यंत्रे, दागिन्यांचे कारखाने, महाविद्यालये, इस्पितळे. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या तेव्हाच्या हद्दीत सुमारे साडेदहा लाख वस्ती होती. नंतर हद्दही वाढली. हवा मुंबईपेक्षा पुष्कळ बरी, कारण पश्चिमेला पालघाटची खिंड आहे, तिकडून वारा येतो.

घर पाहताना तिथे पहिला प्रश्न भाड्याचा विचारत नाहीत, पाण्याचा विचारतात. शिरुवाणीचे पाणी आहे का? केरळच्या हद्दीतल्या शिरुवाणी धरणाचे हे पाणी चवीला इतके गोड की त्या शहराला त्याचा अभिमान आहे. शहराच्या सगळ्या भागांना ते मिळत नाही. कुठे पिल्लूरचे येते, कुठे बोअरवर भागवावे लागते, आणि नळ रोज येईलच असे नाही. आम्ही १९९४ मध्ये हे न विचारता घर घेतले. बेगम दुसऱ्या गल्लीतून घागर आणायची. तासगावच्या दुष्काळातून उठून जाऊन पुन्हा घागरच उचलायची, यावर ती अजून टोमणा मारते आणि आम्ही गप्प बसतो.

अनामत रकमेला तिथे अ‍ॅडव्हान्स म्हणतात. पूर्वी दहा महिन्यांचे भाडे आधी मागणे सर्रास चालायचे. तमिळनाडूचा २०१७ चा नवा भाडे कायदा फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आला. करारात वेगळे ठरले नसेल तर तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत मागता येत नाही, आणि करार लेखी करून नोंदवायचा असतो. घरमालक नोंदणी टाळू पाहतो, भाडेकरूही खर्च वाचला म्हणून मान डोलावतो. पण परमुलखात आपल्या पत्त्याचा पुरावा म्हणजे तो कागदच. बँक, गॅस, मुलाची शाळा, सगळीकडे तोच पुढे करावा लागतो. विजेचे बिल दोन महिन्यांनी येते आणि घरगुती ग्राहकाला त्यातले पहिले शंभर युनिट सरकार फुकट देते. मालकाने स्वतंत्र मीटर न देता युनिटमागे आपला दर लावला तर ती सवलत तुमच्यापर्यंत येत नाही. मीटर कोणाच्या नावावर आहे, हे आधी पाहावे.

दुकान टाकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जीएसटी आल्यापासून, म्हणजे १ जुलै २०१७ पासून, दर राज्याची नोंदणी वेगळी. आपला क्रमांक २७ ने सुरू होतो, तमिळनाडूचा ३३ ने. इथल्या नंबरवर तिथे दुकान चालवता येत नाही. आमच्या एका परिचिताने हा प्रयोग केला आणि दंड भरला.

भाषेबद्दल आमचे मत कडक आहे. हिंदीवर तिथे बाजार भागतो, पण शेजार मिळत नाही. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झालेले, कोट्टैमेडू भागात काही घरे दक्खनी बोलणारी सापडली आणि आम्ही तिथेच रमलो. तमिळ शिकलो नाही, याचा तोटा पेढीवर बसल्यावर कळला. समोरचे दोघे आपसात काय भाव ठरवतात ते आम्हाला समजत नसे. पहिल्या दिवशी एका दुकानदाराने "वांग, वांग" म्हणून हाक मारली, आम्हाला वाटले हा भाजी विकतो. वांग म्हणजे 'या'. कोईमतूरकडचे बोलणे तसे अदबीचे, लहान पोरालाही मान देऊन बोलतात. अण्णा हा शब्द मात्र दोन्हीकडे एकच. सावळजच्या अण्णांना तिथे नाव बदलावे लागले नाही.

गलाईच्या पोरांना आणखी एका गोष्टीला तोंड द्यावे लागते. कुठे चोरी झाली की पोलीस आधी गलाईवाल्याच्या दारात येतात. चोराने आणलेला दागिना वितळला म्हणजे पुरावाच गेला, हे त्यांचे म्हणणे. पूर्वी भारतीय दंड संहितेचे ४११ कलम होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३१७ आले. कायद्याला हवे असते ते हे, की माल चोरीचा आहे हे घेणाऱ्याला ठाऊक होते वा तसे मानायला कारण होते. नोंदवही, आणणाऱ्याचे ओळखपत्र आणि त्याची सही ठेवली तर बोलायला तोंड राहते. ओळखीवर चालणारा धंदा, त्यात गिऱ्हाइकाकडे कागद मागायचा म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखे होते. अण्णा ही वही काटेकोर ठेवायचे. नेहमीचे सराफ हसायचे. एकदा रात्री तीच वही कामाला आली, एवढेच आम्ही लिहितो.

अण्णा १९८० च्या आसपास तिथे गेले. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा तेव्हा लागू होता, तो १९९० मध्ये उठला आणि काम वाढले. पुढे हॉलमार्क सक्तीचा झाला, टंच दोन मिनिटांत सांगणारी यंत्रे आली, त्यांच्या कसोटीच्या नजरेची किंमत घटली. भट्टी आता मुलगा चालवतो, लहान प्रमाणात. त्याची मुले तमिळ शाळेत गेली. २००६ च्या कायद्याने पहिलीपासून टप्प्याटप्प्याने तमिळ सक्तीचे झाले आहे. ती तमिळ फर्डे वाचतात, मराठी बोलतात पण वाचत नाहीत. गावी अण्णांनी दुमजली घर बांधले आहे. वर्षातले अकरा महिने त्याला कुलूप, रथोत्सवाला आणि लग्नसराईत उघडते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा कुटुंब कसेबसे गावी पोहोचले, आणि गावाने त्यांना वेशीबाहेरच्या शाळेत ठेवले. अण्णा आम्हाला फोनवर म्हणाले होते, "शेठ, आम्हाला इथं कोण ओळखतंय आता?"

टेंभू आणि म्हैसाळच्या योजनांचे पाणी आल्यापासून काही घरे परतून द्राक्षाकडे वळली आहेत. अण्णांच्या मुलाला आम्ही विचारले, येतोस का? तो म्हणाला, बाग लावायला वय गेले आणि पोरांना तासगाव म्हणजे आजोबांचे गाव. त्याने तिथले रेशनकार्ड करून घेतले, मतदार यादीत नाव घातले. ज्यांचे दोन्हीकडे अर्धे-अर्धे चालू आहे त्यांच्यापेक्षा त्याचे बरे चालले आहे, असे आमचे निरीक्षण.

बहिणीची समजूत आम्ही एका अटीवर घातली. पोरगा पहिले सहा महिने एकटा राहील, तमिळची शिकवणी लावील, आणि आमच्यासारखी उधारी अंगावर घेणार नाही. ती आमच्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला हे सुचायला तीस वर्षं लागली." उत्तर दिले नाही.

काल अण्णांच्या मुलाचा फोन आला. सेल्वपुरमकडे एक खोली आहे, कार्यालयापर्यंत एक बस, मालक लेखी करार करून द्यायला तयार आहे. मीटर वेगळा. पाणी मात्र बोअरचे, प्यायला विकत घ्यावे लागेल, म्हणून भाडे थोडे कमी. ठरवून टाक, असे आम्ही त्याला सांगितले.