वणव्याचा धूर आणि आरोग्य
सातारा जिल्ह्यातील औंध हे गाव यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले आहे. या भागातील गवताळ डोंगरांवर फाल्गुन-चैत्रात वणवे लागतात. नवे गवत जोमाने फुटावे, या समजुतीने कित्येकदा ते मुद्दाम लाविलेही जातात. ज्वाळा विझल्या म्हणजे संकट टळले, असे मात्र नव्हे. रात्री जमिनीलगतची हवा थंड व जड होते. तिच्यावर उबदार हवेचा थर राहिल्याने धूर वर न जाता सखल वस्तीत साचतो. त्यातील २.५ मायक्रोमीटरहून लहान कण फुप्फुसांत खोलवर शिरतात. तोंडावर धरलेला पदर त्यांस पुरेसा अडवीत नाही. दमेकरी, बालके व वृद्ध यांस त्यापासून विशेष अपाय संभवतो. म्हणून उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढणे हे वनरक्षणाइतकेच आरोग्यरक्षणाचेही कार्य होय.