धुरळणीचीं विमानें आणि आगीचें भय

विमानांतून शेतीचें औषध टाकण्याचा पहिला गाजलेला प्रयोग ३ ऑगस्ट १९२१ रोजीं अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत, ट्रॉय या गांवाजवळ झाला. जॉन मॅक्रेडी या लष्करी वैमानिकानें कटाल्पा वृक्षांच्या राईवरून आपलें कर्टिस विमान नेलें आणि अळ्या मारण्यासाठीं शिशाच्या आर्सेनेटची भुकटी सोडली. पुढें कापसावरील भुंगेऱ्यासाठीं कॅल्शियम आर्सेनेट आलें. हीं दोन्हीं विषें माणसाला घातक खरीं, पण तीं पेटत नाहींत. पेटणारी भुकटी आली ती गंधकाची.

द्राक्षांवर भुरी पडली म्हणजे आपल्या नाशिककडील बागाईतदार गंधक धुरळतात. कॅलिफोर्नियांतील द्राक्षमळ्यांत हेंच काम विमानें करूं लागलीं. गंधकाचा खडा पेटविला तर तो निळसर ज्योतीनें सावकाश जळतो. त्याचीच वस्त्रगाळ पूड हवेंत तरंगूं लागली कीं प्रत्येक कणाला चोहोंकडून हवा मिळते, आणि सगळा ढग एकदम भडकूं शकतो. फळा पुसतांना उडणारी खडूची धूळ त्या मानानें फार सज्जन, कारण खडू जळतच नाहीं. गंधकाच्या ढगाला मात्र सुमारें १९० अंश सेंटिग्रेड उष्णता पुरते, आणि इंजिनाचें धुराडें याहून कितीतरी अधिक तापलेलें असतें. शिवाय गंधक विजेचा दुर्वाहक आहे. कण पत्र्यावर घासले जाऊन वीज सांचते, आणि एखादी ठिणगी उडाली तरी तेवढ्यानें कार्यभाग उरकतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर शिकाऊ वैमानिकांचीं स्टिअरमन विमानें मोठ्या संख्येनें विक्रीस निघालीं व धुरळणीच्या कामीं लागलीं. त्यांच्या पुढच्या बैठकीच्या जागीं भुकटीची पेटी, म्हणजे हॉपर, बसवीत. वैमानिक तिच्या मागें बसे. पंख कापडानें मढविलेले. असें विमान पिकाच्या डोक्यावरून जेमतेम चार-सहा हात उंच उडतें. तेथें आग लागली तर हवाई छत्री उघडण्यास उंची नसते, आणि गंधकाच्या धुरानें डोळे व श्वास दोन्ही कोंडतात. म्हणून या आगीचा बंदोबस्त उड्डाणापूर्वींच करावा लागतो.

धुराडें लांबवून भुकटीच्या वाटेपासून दूर न्यावयाचें, हें झालें एक काम. हॉपर, त्यांतील ढवळणी, खालचें दार आणि विमानाचा सांगाडा हे तांब्याच्या तारांनीं एकमेकांस जोडावयाचे, म्हणजे वीज एका जागीं सांचून राहत नाहीं. भुकटी किंवा पेट्रोल भरतांना भरणारी गाडीहि अशीच विमानास जोडावयाची. पण गंधकाचा तांब्याशीं संयोग होऊन त्यावर काळा थर चढतो. तार दिसावयास शाबूत, आणि जोड मात्र निकामी! यासाठीं नुसती नजर टाकून भागत नाहीं. मीटर लावून जोडाचा रोध मोजावा लागतो. सांगाड्याच्या पोटांत सांचलेली भुकटी तेलांत व पेट्रोलांत भिजते. ती काढणें हें सर्वांत कमी मानाचें काम, आणि माझ्या मतें टाळाटाळ व्हावयाची ती येथेंच.

पेट्रोलाच्या टाकीची कथा निराळी आहे. फ्रेड वाइक यांनीं टेक्ससमध्यें केवळ शेतीसाठीं आखलेलें एजी-१ हें विमान १९५० सालीं प्रथम उडालें. अपघातांत वैमानिक वांचावा या हेतूनें त्यांनीं त्याची बैठक हॉपरच्या मागें आणि उंच ठेविली. त्यांच्याच आंखणीच्या पायपर पॉनी विमानांत हा विचार पुढें चालला. परंतु त्याची पेट्रोलची टाकी इंजिन व हॉपर यांच्यामध्यें, विमानाच्या पोटांतच होती. ज्या धडकेंतून माणूस जिवंत राहावा, तिच्यांतच ही टाकी फुटण्याचा धोका! पुढें १९७४ च्या सुमारास पॉनीच्या नव्या प्रकारांत इंधन पंखांत नेण्यांत आलें.

आज बहुतेक ठिकाणीं कोरड्या भुकटीऐवजीं द्रव औषधें फवारतात, आणि मोठ्या विमानांचीं टर्बाइन इंजिनें रॉकेलजातीच्या इंधनावर चालतात. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडींतहि पेटते. या इंधनाची वाफ सुमारें ३८ अंशांखालीं सहसा पेट घेत नाहीं. तथापि जुनी, तडकलेली रबरी नळी सुटून तेंच इंधन तापलेल्या धुराड्यावर उडालें, तर तेंहि पेटतें. नळ्या मुदतींत बदलण्याचें काम त्यामुळें अजून सुटलेलें नाहीं.