शिफारशीची चिठ्ठी देण्यापूर्वी

सभासद बंधु-भगिनींनो,

दसरा जवळ आला, बॉयलर पेटवायची तयारी सुरू झाली, की आमच्या गट ऑफिसात दोन प्रकारची माणसं येतात. एक ऊसनोंद दुरुस्त करून घ्यायला आणि दुसरी "पोराला कुठंतरी चिकटवा" म्हणायला. नोंदीविषयी आम्ही या अंकांतून वेळोवेळी लिहितोच. आज दुसऱ्या गोष्टीविषयी लिहीत आहोत. कारण ही विनंती एकट्या आमच्याकडे येत नाही. ज्याचा भाऊ कारखान्यात आहे, ज्याची संचालकांकडे ऊठबस आहे, अशा प्रत्येक सभासदाकडे ती येते.

गेल्या वर्षी कृषी पदविकेच्या वेळचे आमचे खोलीमित्र मुलाला घेऊन आले. म्हणाले, "तुझ्या शेतकी खात्यात चिटबॉय घ्यायचेत म्हणे. ह्याचं नाव सुचव. तुझ्या शब्दाला कोण नाही म्हणतंय?" एका ताटात जेवलेले आम्ही. पण मुलाला आम्ही त्याआधी पाहिलं होतं ते बारशाला आणि एकदा कुणाच्या लग्नात. आम्ही लगेच हो म्हटलं नाही. त्याला एक जुनं कारण आहे.

काही हंगामांपूर्वी भावकीतल्या एका मुलासाठी आम्ही डोळे झाकून शब्द टाकला होता. तो चिटबॉय झाला. चिटबॉयचं काम दिसायला लहान, पण लागणीची तारीख, जात आणि क्षेत्र तोच लिहून आणतो. त्या तारखेवरून तोडणीचा क्रम लागतो. आडसाली ऊस साधारण सोळा ते अठरा महिन्यांत, पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिन्यांत आणि सुरू बारा महिन्यांच्या आसपास तोडणीला येतो. या पोराने ओळखीच्या तीन शेतकऱ्यांच्या तारखा दीड-दोन महिने मागे ओढल्या. त्यांचा ऊस आधी गेला. एका विधवा सभासद भगिनीचा जुलैच्या लागणीचा आडसाली ऊस मात्र मार्चपर्यंत रानात उभा राहिला. तुरे आले, कांड्या पोकळ पडल्या, वजन घटलं. त्या बाई आम्हाला एवढंच म्हणाल्या, "साहेब, पोरगा तुमचाच ना?" त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

नुकसान त्यांच्या एकट्यांचं नव्हतं. उसाची रास्त व किफायतशीर किंमत साखर उताऱ्याशी बांधलेली आहे. कोवळा ऊस आधी आणि जून झालेला मागे गाळला, तर उतारा घसरतो आणि तो सगळ्यांच्याच बिलात उतरतो. म्हणून शिफारस ही घरगुती बाब नाही. तिची जामीन सगळ्या सभासदांच्या खिशातून जाते.

तेव्हापासून आम्ही पाळतो ते असे :

१. जागेवर शब्द देऊ नये. "आधी मुलाशी बोलतो, चार दिवसांनी सांगतो" म्हणावं. चार दिवसांनी मात्र नक्की सांगावं. झुलवत ठेवणं हे नकारापेक्षा वाईट.

२. ओळख आणि शिफारस वेगळी. "हा माझ्या मित्राचा मुलगा" ही ओळख झाली. "ह्याचं काम मी पाहिलंय" ही शिफारस. पाहिलं नसेल तर लिहू नये.

३. चिठ्ठीत डोळ्यांनी पाहिलेलंच लिहावं : किती वर्षांची ओळख, कोणतं काम करताना पाहिलं, हिशेबाला कसा. "होतकरू, सुस्वभावी" हे शब्द सगळ्याच चिठ्ठ्यांत असतात, त्यांना वजन नाही.

४. नातं असेल तर ते चिठ्ठीतच सांगावं. मुलाखतीला आपण बसणार असू तर त्या दिवशी बाजूला व्हावं.

५. नाही म्हणायचं तर तोंडावर, एकांतात म्हणावं. मुलासमोर बापाला नाही म्हणू नये.

६. नकाराबरोबर वाट दाखवावी. अर्ज कधी निघतात, कोणते दाखले लागतात, हे सांगायला कुणाची शिफारस लागत नाही. बॉयलरवर काम हवं तर बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र लागतं. आय.टी.आय. झालेल्याला १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतनावर काम शिकता येतं.

७. "संचालकांना सांगून करून देतो" म्हणत कुणी पैसे मागितले, तर एक पैसाही देऊ नये आणि ऑफिसला कळवावं.

मित्राच्या मुलाशी आम्ही दुसऱ्या दिवशी बोललो. पोरगा आय.टी.आय. फिटर निघाला. "काका, मला शेतातलं फारसं कळत नाही. बाबा म्हणाले म्हणून आलो," असं तो स्वतःच म्हणाला. आम्ही त्याला वर्कशॉपच्या अर्जाची माहिती दिली. चिठ्ठी दिली नाही. संध्याकाळी मित्राला चहाला बोलावून बाजूला तसं सांगितलं. चहा तसाच ठेवून ते उठले. त्या दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचा डबा आला नाही.

मुलाने अर्ज केला, चाचणी दिली आणि हंगामी फिटर म्हणून लागला. हे आम्ही केलं असं नाही, त्याच्या हातानं केलं. मित्राची नाराजी अजून पुरती गेलेली नाही, आणि ती आम्हाला बोचते. पण परवा मिलजवळ तो मुलगा भेटला, तेव्हा त्याला कुणाच्या उपकाराखाली मान घालावी लागली नाही, हे आम्ही पाहिलं.

तेव्हा मंडळी, चिठ्ठी मागायला येणाऱ्याला चहा जरूर द्या, शब्द मात्र तोलून द्या.

आपला,
ऊस विकास अधिकारी